दोन अर्ध्या दिवसांचा एक दिवस

दसरा उलटला की आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक वास शिरतो. काचा बंद असतात, एसी चालू असतो, कोणीतरी अत्तर फासून आलेलं असतं, तरी शिरतोच. कापलेल्या भाताचा वास. थोडा गोडसर, थोडा ओल्या पेंढ्याचा, थोडा धुळीचा. कर्जत-चौक रस्त्याच्या दोन्ही अंगांची खाचरं पिवळी झालेली असतात. मधूनच एखाद्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या दिसतात आणि त्यांच्या मागे, हातभर अंतर राखून, बगळे. आज सकाळी मी न राहवून काच सरकवली. ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, एसी चालू हाय!" म्हटलं, "असू दे."

लगेच माझे तळहात खाजायला लागले. सहा वर्षं झाली त्या कापणीला, पण हातांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी मूळची भिसेगावची, म्हणजे कर्जत शहरातली. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आमच्या घरी साडेआठला जेवण म्हणजे साडेआठला जेवण, आठ एकतीसला वडील ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघत. अशा घरातली मुलगी लग्न होऊन आली ती आत शेतावरच्या गावात, जिथे "सांजच्याला येतो" म्हणणारा माणूस चार वाजता येऊ शकतो आणि आठलाही. त्याची सवय व्हायला मला पाच वर्षं लागली. ती होते न होते तोच खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायच्या, खोक्यांना चिकटपट्टी मारायची. मुलाखतीत विचारलं, "शिफ्ट बदलत्या असतील, चालेल ना?" मी मान डोलावली. त्या घटकेला त्यांनी उलटं टांगून खोकी भरायला सांगितली असती, तरी डोलावली असती. लग्नाआधी शिकलेलं सगळं चुलीपुढे बसून विसरायच्या बेतात होते मी. गळ्यात अडकवायचं ते ओळखपत्र मला हवं होतं. अगदी लहान मुलाला फुगा हवा असतो तसं हवं होतं.

बदलत्या शिफ्ट म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यातच कळलं. उद्या कधी यायचं त्याचा चार्ट आज संध्याकाळी आठला फोनवर यायचा. पहिली सकाळी सातची, दुसरी दुपारी तीनची, तिसरी रात्री अकराची. कोणती कोणाला, याला काही धरबंध नव्हता. आज पहिली, उद्या दुसरी, परवा पुन्हा पहिली, मग चार दिवस तिसरी. आमच्या घरात फोनला रेंज नाही, म्हणून आठ वाजता मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर जाऊन उभी राहायची आणि फोन वर धरायची. पायरीवरून उतरताना चेहऱ्यावरूनच सासूबाईंना शिफ्ट कळायची. त्यांना मी आत्या म्हणते.

झोपेचा तर पार चोथा झाला. एकदा जाग आली तर घड्याळात पावणेसहा. मी तडक उठले, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, चहा टाकला आणि बसची पिशवी भरायला घेतली. आत्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ त्यांनी मजा बघितली. मग म्हणाल्या, "सांज झालीय गं. दिवा लावलास ते बरं केलंस."

इतपत हसण्यावारी जाणारं होतं. मग भात पिकलं.

आमच्या गावात कापणी सावडीने होते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. आठ-दहा घरांतल्या बायकांचा एक गट असतो, हळवं भात आधी पिकतं म्हणून हळव्याची शेतं आधी, गरव्याची मागून. कोणाकडे कधी, हे गटातल्या थोरल्या बायजाकाकूंच्या ओटीवर बसून तोंडी ठरतं. लिहीत कोणी नाही, विसरतही कोणी नाही. तोपर्यंत आमच्या घरातून आत्या जायच्या. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला आणि सावड माझ्याकडे आली. आमचे हे टेंपो घेऊन नेरळच्या बांधकामांवर विटा टाकायला जातात, सूर्य उगवायच्या आत निघतात. शिवाय सावड ही बायकांची गोष्ट.

गुरुवार काकूंच्या शेताचा ठरला होता. मी हो म्हटलं होतं, कारण आता दुसरी शिफ्ट येईल असं मीच धरून चालले होते. बुधवारी आठला टाकीच्या पायरीवर बघते तर पहिली! तोंडचं पाणी पळालं. पण मी घड्याळजीची मुलगी, मोडलं तिथे दुसरा भाग बसवायचा, एवढंच मला माहीत. मी ह्यांना सांगून कर्जतच्या नाक्यावरून एक मजूर ठरवला, चांगला तगडा, आणि पहाटे टेंपो काढताना काकूंच्या बांधावर नेऊन उभा करायला लावला. दिवसभर मी खोकी भरताना खूश होते. माझ्या एकीच्या जागी दीड माणसाचं काम करणारा गडी दिला होता मी!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळी घरी आले तर आत्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. काकूंनी त्या गड्याला चहा दिला होता, भाकरी-जवळा खाऊ घातला होता आणि हात जोडून परत पाठवला होता. मग राहिलेल्या बायकांनी वाकून वाकून, दुपारची विश्रांती सोडून माझ्या वाटची ओळ कापली होती.

"तुजे सासरे गेले तवा भात उभं व्हतं," आत्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "बारावं व्हायच्या आत या बायांनी सगळं कापून, झोडून घरात आणून टाकलं. कोनी बोलवलं नव्हतं त्यांना. त्यांच्या बांधावर तू नाक्यावरचा गडी उभा केलास."

मी म्हटलं, चुकलं. पण नोकरी आहे, मी काय करू?

"ही कापनी व्हईस्तवर बघते. सावड मोडली तर नोकरी सोडायची. मला या गावात ऱ्हायचं हाय."

त्यात दुष्टपणा नव्हता हे आज समजतं. तेव्हा मात्र मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. ओळखपत्र गळ्यातच होतं.

काकूंकडे गेले ती दुसऱ्याच दिवशी. त्यांनी बसायला पाट दिला, हे बरं लक्षण. म्हणाल्या, "मानसाच्या बदली मानूस नाय चालत गं सावडीत. तुज्या हाताच्या बदली तुजाच हात लागतो. माज्या शेतात तू कापलंस, तं तुज्या शेतात मी कापीन. त्या गड्याच्या शेतात जाऊ का मी? त्याचं शेत तरी हाय का कुटं?"

मी विचारलं, "काकू, पूर्ण दिवस नाही जमणार. अर्धा चालेल? दुसरी शिफ्ट असली तर उजाडल्यापासून बारापर्यंत येईन. पहिली असली तर चारपासून दिवेलागणीपर्यंत भारे बांधीन, वाहीन. दोन वेळा येईन."

 काकूंनी चुलीवरची भाकरी उलटली, पापुद्रा फुगलेला बघितला, तव्यावरून काढून मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "दोन अर्ध्यांची एक भाकरी व्हते का नाय? मंग दोन अर्ध्या दिसांचा एक दिस का नाय व्हनार? पन आदल्या सांजेला सांगायचं, कंचा अर्धा त्ये."

मी त्या ओटीवरून उडत घरी आले. पाय जमिनीवर होते की नाही आठवत नाही.

मग सुरू झाली खरी गंमत. रोज आठला टाकीच्या पायरीवर मी एकटी नसायची. आधी काकू आल्या, मग एकेक करत सगळ्याच. मी फोन वर धरलेला आणि खाली सहा-सात बायका माना वर करून. "आला का गं चार्ट?" "कंची आली?" दुसरी आली की टाळ्या, कारण सकाळचा अर्धा कामाला बरा. तिसरी आली की माझी झोप जाणार म्हणून काकू त्या कंपनीच्या मालकाच्या सात पिढ्या मोजायच्या. खालापुरातल्या कुठल्याशा केबिनमध्ये बसून एक माणूस चार्ट लावत होता आणि त्यावर आमच्या गावातल्या कोणत्या खाचरात आधी विळा चालणार हे ठरत होतं. त्याला बिचाऱ्याला पत्ता नव्हता.

भात कापणं मला येत नव्हतं, ही एक आणखी भानगड. लग्नानंतर मी भाऱ्यांच्या उडव्या रचताना पेंढा देणं, पाणी नेणं एवढंच करत आले होते. बुंध्याशी मूठ धरायची, विळा आपल्याकडे ओढायचा, मूठ डाव्या अंगाला पसरून ठेवायची, की पुढची. सांगायला एका ओळीत होतं. पहिल्या सकाळी बाकीच्या बांधाला टेकल्या तेव्हा मी खाचराच्या मध्यावर होते आणि बगळेसुद्धा मला सोडून पुढे गेले होते. पात्यांनी बोटं चिरली. भाताची टोचरी कूस गळ्यात, काखेत, केसांत गेली. बारा म्हणता म्हणता दोन वाजायचे, मग घरी येऊन दोन तांबे अंगावर ओतायचे, गणवेश चढवायचा आणि सव्वादोनची बस. कंपनीत हातमोजे घालावे लागतात. त्या हातमोज्यांच्या आत चिरलेले हात शिफ्टभर चुरचुरत. पण खोटं कशाला बोलू, मला त्या चुरचुरण्याचा गर्व होता. पट्ट्यावरून बाटल्या येत होत्या, मी भरत होते, आणि मला वाटत होतं, बायांनो, सकाळी मी अर्धं खाचर कापून आले आहे.

एकदा घाईत विळा पिशवीतच राहिला. गेटवरच्या रखवालदाराने पिशवी तपासली. "मॅडम, हे हत्यार आत नेता येणार नाही."

"हत्यार नाही, विळा आहे."

"कशासाठी आणलाय?"

"भात कापायला."

त्याने माझ्याकडे बघितलं, मागच्या डांबरी आवाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडं अजून झालं नाय कापून. तुमचं झालं?" त्या दिवसापासून विळा गावाच्या नाक्यावरच्या चहावाल्याकडे ठेवायला लागले.

पट्ट्यावर माझ्या शेजारी हिरा असायची. डोंगरातल्या ठाकरवाडीची, काटक, बोलायला कमी. एका दुपारी तिचे हात बघितले तर माझ्यासारखेच. तिच्याकडे नाचणी कापायची होती आणि पाठोपाठ चार दिवस तिला पहिली शिफ्ट आली होती. वाडीवरून खाली उतरायलाच तास लागतो. ती म्हणाली, "उद्या नाही येणार मी. काढतील तर काढू दे."

दरवर्षी असंच व्हायचं म्हणे. कापणीत निम्म्या बायका न सांगता घरी बसायच्या, मग पट्टा रडतखडत चालायचा, मग दोघी-तिघींना नोकरीवरून कमी करायचे, मग नव्या भरायचे. मी सुपरवायझर अमोलसरांकडे गेले. तेच चार्ट लावायचे. वय सव्वीस-सत्तावीस, कायम घाबरलेले. म्हणाले, "शिफ्ट बदलून हवी तर फॉर्म भरा. तीन दिवस आधी."

"सर, चार्ट येतो आदल्या संध्याकाळी."

"हो."

"मग तीन दिवस आधी काय बदलायचं?"

त्यांनी फॉर्मकडे बघितलं. मग तोच पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. गावात माझ्या जागी दुसरं कोणी चालत नव्हतं. इथे कोणीही चालत होतं. पट्ट्याला हात हवे होते, ते माझे, म्हणजे वंदनाचे, की हिराचे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. महिनाभर या गोष्टीचा मला राग येत होता, की आपण इथे नुसते हात आहोत. पण मग रागावायचं कशाला, वापरायचं! मी डबा बाजूला सारला आणि म्हटलं, "हिरा, उद्या पुन्हा तुला पहिली आणि मला दुसरी आली, तर तुझी मी करते, माझी तू कर. सकाळी नाचणी काप. पुढे मला लागेल तेव्हा तू माझी करायची."

"सावड?" हिरा म्हणाली.

"सावड."

दुसऱ्या दिवशी चौघी झाल्या, आठवड्यात अकरा. ज्यांच्याकडे शेत नव्हतं त्याही आल्या, कोणाला मुलाची परीक्षा होती, कोणाला सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. कोणाच्या बदली कोण, हे बसमध्येच ठरायचं, आठला चार्ट आला की फोनवर पक्कं व्हायचं. अमोलसरांना पहिले दोन दिवस कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्याशी येऊन माणसं मोजली, चार्ट बघितला, परत मोजली. मला बाजूला बोलावलं. आता इकडूनही नोकरी जाणार असं वाटलं.

"कापणीच्या दिवसांत पट्टा पूर्ण भरलेला मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "हे तुम्ही कुठे लिहून ठेवता?"

"लिहीत नाही सर. सावड लिहायची नसते, फेडायची असते."

त्यांनी चार्टची घडी घातली. "कोणाच्या जागी कोण, ते आदल्या रात्री मला सांगत जा. चार्टवर मी दुरुस्त करीन. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मी पट्ट्यावर परतले ती गालातल्या गालात हसत. हिराने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पट्टा आपला झाला.

आमचं शेत गरव्याचं, सगळ्यांत शेवटचं. तोवर भात पिकून झडायला लागलं होतं, हात लावला तर दाणे मातीत. दिवस ठरला. सगळ्यांच्या शेतातले माझे अर्धे दिवस फेडून झाले होते. काकूंकडे तर मी तीन अर्धे गेले होते, त्या गड्याची भरपाई म्हणून. आता फक्त आमच्या दिवशी घरचं माणूस बांधावर हवं. तीच रीत. सावडीला आलेल्यांच्या पुढे पहिला विळा घरच्या बाईने चालवायचा. आणि आदल्या संध्याकाळी टाकीच्या पायरीवर चार्ट आला, मला पहिली शिफ्ट. खाली सरांचा निरोप, उद्या बाहेरचे तपासणीस येणार, कोणीही शिफ्ट बदलायची नाही, गैरहजर राहील तिचं काम संपलं.

मी पायरीवरून उतरले. बायकांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि वाट करून दिली. घरी येऊन गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि आत्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "उद्या शेतात येते मी. नोकरी सोडली."

आत्यांनी ते उचललं. माझा फोटो त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितला असावा. पदराने पुसला.

"तू सावड फेडलीस का सगळ्यांची?"

"फेडली."

"मंग आता तिकडून येनार. तुजं तोंड बघाय नाय येत त्या, तुजा हात फेडाय येतात." त्यांनी ओळखपत्र माझ्या गळ्यात घातलं, तेही उलटं. "पहिला इळा मी चालवीन. गुडघा गेला चुलीत. तू जा."

त्या दिवशी मी किती खोकी भरली देव जाणे. तपासणीस आले, बघून गेले, मला दिसलेच नाहीत. तीनला शिफ्ट सुटली, पावणेचारला बस नाक्यावर. चहावाल्याकडून विळा घेतला आणि धावत सुटले, बांधाबांधाने. गणवेशात, कंपनीचे बूट घालून.

लांबूनच दिसलं, शेत मोकळं झालं होतं. कापलेलं भात ओळीने आडवं पडलं होतं, अगदी भांग पाडावा तसं. बांधावर सावडीच्या बायका चहा पीत बसलेल्या, आणि त्यांच्यात कंपनीचे निळे गणवेश! हिरा होती, वाडीवरून सकाळीच उतरलेली, आणि तिच्याबरोबर आणखी दोघी. आमच्या कापणीचा दिवस मी बसमध्ये बोलले होते तेवढंच; तिघींनाही त्या दिवशी तिसरी शिफ्ट होती. झोपायचे तास माझ्या शेतात घालवून त्या रात्री कामावर जाणार होत्या. काकू हिराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही पोरगी तुज्यावानी नाय गं. हिला कापाय येतं."

सगळ्या खदखदून हसल्या. मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही.

आत्या बांधावर पाय लांब करून बसल्या होत्या. "सगळं नाय कापलं," त्या म्हणाल्या. "त्यो कोपरा बघ."

खाचराच्या वरच्या कोपऱ्यात चार पावलांएवढं भात उभं होतं.

"तुज्या हाताचं ठेवलंय. पहिला माजा झाला, शेवटचा तुजा."

मी वाकले.  चार पावलांएवढा तो कोपरा कापायला मला किती वेळ लागला माहीत नाही, पण त्या वेळेला बगळे मला सोडून पुढे गेले नाहीत. शेवटची मूठ उचलून मी वर धरली आणि तोंडातून आरोळी निघाली. कुठून निघाली कोण जाणे, घड्याळजीच्या घरात कोणी कधी ओरडलेलं नव्हतं. मी जिंकले होते. नोकरीही होती आणि सावडही होती, आणि त्या दोन्ही मी माझ्या याच हातांनी राखल्या होत्या.

अमोलसर पुढे दुसरीकडे गेले. गेली दोन वर्षं त्यांच्या जागी सुपरवायझर म्हणून चार्ट मी लावते. तो शनिवारी दुपारी जातो, पुढच्या पूर्ण आठवड्याचा. वरच्या साहेबांनी विचारलं होतं, पूर्वी एका दिवसाचं लावताना नाकी नऊ यायचे, तुम्हाला सात दिवसांचं कसं जमतं? मी म्हटलं, आमच्या गावात एक बाई आहे, चूल सांभाळत पंधरा दिवसांचं ठरवते, तेही कागदाशिवाय. कधी मोठं काम अचानक येतं, चार्ट कोलमडतो, मग बसमध्ये सावड असतेच.

आज आमच्या शेताची कापणी. चार्ट माझ्या हातात, सुट्टी घेता आली असती. मी मुद्दाम स्वतःला पहिली लावली. दुपारी परतीच्या बसमध्ये फोन वाजला. आता आत्यांनाही टाकीची पायरी सापडली आहे.

"कुटवर आलीस गं? बाया खोळंबल्यात."

"चौक सोडलं. कोपरा ठेवलाय ना?"

"ठेवलाय. यंदा मोठा ठेवलाय."

बस नाक्यावर थांबली. मी ओळखपत्र काढायच्या फंदात पडले नाही. चहावाल्याने विचारायच्या आधीच विळा पुढे केला.